चांदणी

फोन दिल्लीत निघाला शुक्रवारी.
आमच्याकडे, घाटंजीला, आधी त्याचा डमी आला.
आतून पोकळ, चिमणीएवढ्या वजनाचा,
काचेवर छापलेली दहा वाजून आठ मिनिटं
आणि कायमची भरलेली बॅटरी.

शेठ म्हणाले, पौर्णिमा, बोर्ड लाव.
मी जाड स्केचपेननं लिहिलं :
सतरा हजार नऊशे नव्व्याण्णव.
आणि जाहिरातीत होती म्हणून
शेवटच्या नवाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी.

बाजाराच्या दिवशी सगळी गर्दी डमीपाशी.
कुणी कानाला लावून पाहिला.
एका नव्या सुनेनं त्याच्या पाठीच्या चकाकीत
टिकली सरळ केली.
पंक्चरवाल्या शकूरनं विचारलं, निळा आहे का?
निळा कंपनीत आहे.
काळा यवतमाळला आहे.
आमच्याकडे भाव आहे.

ऑनलाइन पाहू, म्हणतात कॉलेजातली पोरं,
आपला पिनकोड टाकतात,
चाक फिरत राहतं, मग लाल अक्षरं.
मला त्या लाल अक्षरांचा आता राग येत नाही.
कुरिअरची गाडी सरळ पांढरकवड्याला जाते,
आम्ही बाजूला राहतो.

झिबल आत्राम दर बाजारी येतो.
चारोळी विकून झाली की पिशवी झटकतो,
पायरीखाली चपला काढतो,
काढू नका म्हणून मी दहादा सांगितलं तरी.
"नवा कायचा भाव हाय, बाई?"
घ्यायचा नसतो. त्याचा स्वतःचा फोन
रबरानं बांधलेला, पाचाचं बटन गेलेला.
"भाव इचाराले पैसे लागते का?"

त्याच्या गावात रेंज टेकडीवर,
आणि टेकडीवर रात्री अस्वल.
म्हणून तूर, बोकड, चांदी, टिनाचा पत्रा,
सगळ्यांचे भाव झिबल पायी नेतो
आणि हापशीपाशी उतरवतो.
पहिला रंगीत फोन केवढ्याचा होता,
टचवाला केवढ्याचा, कोणता किती दिवसांत पडला,
त्याला पाठ आहे.

"आन् हे चांदणी कायची?"
मी सांगितलं. अमक्या बँकेचं कार्ड असेल तर.
जुना फोन दिला तर. साठा असेतोवर.
नाहीतर आमच्याकडे एकोणीस हजार दोनशे,
कव्हर आणि वरची काच घ्यावीच लागते.
तो हसला नाही.
"म्हंजे भाव एक, आन् चांदणीखालचा दुसरा."
दोन्ही त्यानं ओठांत घोळवले आणि गेला.

अकराव्या दिवशी एक नग आला.
एसटीच्या कंडक्टरनं मांडीवर आणला,
पन्नास रुपये आणि एक चहा.
काळाच. शेठनी खोक्याला उदबत्ती ओवाळली.
दुपारी कंपनीचा मेसेज : दीड हजार कमी.
मी आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला.

झिबलनं बोर्ड पाहिला.
आज चपला पायातच राहिल्या.
"म्या तं गावात एकोनीस दोनशे सांगतलं."
कमी झाला, मामा. चांगलंच आहे ना.
"तुह्यासाठी चांगलं. माही जबान गेली ना.
चाळीस घरं हायेत. म्हनतीन,
झिबलानं मधात खाल्ले."

मी काय बोलणार. शेठनी मान खाली घालून
रिचार्जचे पैसे मोजायला घेतले.
बाहेर ऊन उतरलं तशी वांगी उतरली होती,
विसाची दहाला,
आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

"कागदावर लेहून दे. तारीख टाक. ठप्पा मार."
मी बिलबुकाचं पान फाडलं.
आधीचा भाव, तारीख. आताचा भाव, तारीख.
ठप्पा पुसट उठला, म्हणून परत मारला.
त्यानं कागद उलटा धरला, मग सुलटा,
उजेडाकडे नेऊन पाहिला,
आणि पुन्हा माझ्यापुढे काउंटरवर ठेवला.

"चांदणी राह्यली."